आले, आली, आला

गेल्या महिन्यात माझ्याकडे एक फाइल आली. एका बाईंनी स्वतःच्या शस्त्रक्रियेचा अनुभव इंग्रजीत लिहिला होता, आठ-नऊ पानांचा. त्याचं मराठी करायचं होतं. अलीकडे आमच्या कामात कोरं पान समोर येत नाही. आधी यंत्र अनुवाद करून ठेवतं आणि तो कच्चा मसुदा आमच्याकडे येतो. आम्ही तो मुळाशी ताडून बघायचा, चुका काढायच्या, अडखळणारी वाक्यं वाहती करायची. काम भरभर होतं. डोळे सवयीने चुकांवर जातात आणि चूक नसेल तिथून घसरत पुढे सरकतात.

चौथ्या पानावर भूल देण्याआधीचा प्रसंग होता. मसुद्यात तीन लहान वाक्यं होती. ‘सर्जन आले. नर्स आली. मदतनीस आला.’

मी पुढे गेले. अर्धं पान वाचून झालं आणि परत मागे आले.

मुळात तिन्ही ठिकाणी एकच क्रियापद होतं, एकाच रूपातलं. आलेला माणूस बाई आहे की पुरुष, मानाचा आहे की हाताखालचा, याच्याशी इंग्रजी क्रियापदाला काही देणंघेणं नसतं. मराठीला असतं. आपल्याकडे भूतकाळात कुणी नुसतं येऊच शकत नाही. येणाऱ्याबरोबर त्याचं लिंग येतं आणि त्याची पायरीही येते. यंत्राने त्या दोन्ही जागा भरून टाकल्या होत्या. सर्जन पुरुष आणि आदरार्थी. नर्स बाई आणि एकेरी. मदतनीस पुरुष आणि एकेरी. यातलं एकही अक्षर मूळ लेखात नव्हतं.

व्याकरणाची चूक कुठेच नव्हती, आणि म्हणूनच मी अस्वस्थ झाले. अशी वाक्यं मी आजवर शेकड्यांनी पुढे सोडली असतील. कानाला ती खटकत नाहीत, कारण आपण असंच बोलतो. समोरासमोर ‘सिस्टर, जरा येता का’ म्हणणारा माणूसही घरी जाऊन सांगताना म्हणतो, ‘डॉक्टर आले होते, मग नर्स आली.’ दोघंही शिकलेली, दोघंही रात्रपाळी करणारी, आणि तरी एकासाठी ‘आले’ आणि दुसरीसाठी ‘आली’. हा भेद कुणी ठरवून करत नाही. तो जिभेवर बसलेला आहे.

माझं स्वतःचंही यंत्राकडे काही वेगळं होत नाही. ‘मी दमले’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य दिलं की ते मला ‘मी थकलो’ करून परत देतं. एका अर्जावर ‘मी पासवर्ड विसरलो’ असं बटण होतं. ते दाबताना क्षणभर बोट थांबलं होतं. एका बटणाने माझं काय वाकडं होणार, असं कुणी म्हणेल, आणि खरंच काही झालं नाही. पण हा अर्ज भरायला बसलेलं माणूस म्हणून तो लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मी नव्हते, हे मला त्या ‘लो’वरून कळलं.

असे पक्के समज आपल्यात आणि आता यंत्रांत कसे तयार होतात, हे मी तेव्हापासून वाचत होते. त्यासाठी इंग्रजीत वापरला जाणारा ‘स्टिरिओटाइप’ हा शब्द मुळात छापखान्यातला आहे, हे कळल्यावर मला फार आपलेपणा वाटला. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधले मुद्रक फिर्मँ दिदो यांनी तो रूढ केला. त्या काळी खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवून पान उभं करावं लागे. छपाई झाली की ते खिळे सोडवून पुढच्या पानासाठी घ्यायचे, आणि तेच पुस्तक पुन्हा छापायचं तर जुळाऱ्याने पुन्हा पहिल्यापासून जुळवायचं. यावर तोड निघाली ती अशी, की जुळवलेल्या पानावर लगदा किंवा प्लास्टर दाबून साचा घ्यायचा आणि त्यात वितळलेला धातू ओतून अखंड पत्रा तयार करायचा. मग कितीही प्रती काढा. फक्त एक व्हायचं, त्या पत्र्यात एखादं अक्षर बदलायचं असेल तर सहजी बदलता यायचं नाही. सुट्या खिळ्यांत जी मोकळीक होती ती गेलेली असायची. अमेरिकी पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ साली हा शब्द माणसांच्या डोक्यातल्या चित्रांसाठी वापरला आणि तो तिथेच राहिला. मराठीतही आपण साचा, छाप, ठसा हे शब्द माणसांबद्दल बोलताना वापरतोच.

पण साचा ओतण्याआधी पान जुळवावं लागतं. ते कोण जुळवतं?

हेन्री टायफेल नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात असताना ते जर्मनांच्या हाती सापडले आणि युद्धकैदी म्हणून वाचले. परत आले तेव्हा घरचं जवळपास कुणीच उरलं नव्हतं. माणसावर चिकटवलेल्या एका शब्दाने काय होऊ शकतं, हे त्यांना पुस्तकातून कळायची गरज नव्हती. त्या माणसाने १९६३ साली विल्क्स या सहकाऱ्याबरोबर जो प्रयोग प्रसिद्ध केला त्यात माणसं नव्हतीच, नुसत्या रेघा होत्या.

आठ रेघा, प्रत्येक आधीच्या रेघेपेक्षा जराशी लांब. एकेक रेघ दाखवायची आणि तिची लांबी अंदाजाने विचारायची. काही जणांना रेघांबरोबर अक्षरं दाखवली, आखूड चार रेघांवर ‘ए’ आणि लांब चार रेघांवर ‘बी’. ज्यांना अक्षरं दिसली त्यांनी ‘ए’मधली सर्वांत लांब रेघ आणि ‘बी’मधली सर्वांत आखूड रेघ यांच्यातलं अंतर होतं त्यापेक्षा बरंच मोठं सांगितलं. वास्तविक त्या दोघी शेजारणी. ज्यांना अक्षरं दिसली नव्हती त्यांच्याकडून असं झालं नाही.

मी हे वाचून कागदावर तशा आठ रेघा काढल्या. चौथीवर ‘ए’ लिहिलं, पाचवीवर ‘बी’ लिहिलं आणि बघत बसले. पट्टी मीच धरली होती, माप मला ठाऊक होतं, तरी डोळा चौथीला खाली ओढत होता आणि पाचवीला वर. रेघांच्या बाबतीत कुणाला राग नसतो, कुणाचा स्वार्थ नसतो, कुणी लहानपणी काही शिकवलेलं नसतं. नुसतं नाव पुरतं.

दुसरा प्रयोग मला याहून जास्त छळतो. डेव्हिड हॅमिल्टन आणि रॉबर्ट गिफर्ड यांचा, १९७६ सालचा. त्यांनी लोकांना ३९ वाक्यं वाचायला दिली. प्रत्येक वाक्यात एखादा माणूस, त्याचा गट आणि त्याचं एखादं वागणं. गटांची नावंही ‘ए’ आणि ‘बी’ अशीच कोरडी, म्हणजे आधीचा कुठलाच समज मध्ये येऊ नये. ‘ए’ गटाबद्दल २६ वाक्यं होती, त्यातली १८ चांगल्या वागण्याची आणि ८ वाईट. ‘बी’ गटाबद्दल १३ वाक्यं, त्यातली ९ चांगली आणि ४ वाईट. हिशेब करून पाहा. प्रमाण तंतोतंत तेच आहे. ‘बी’ गट लहान होता, वाईट नव्हता. तरी वाचणाऱ्यांना नंतर विचारलं तेव्हा वाईट वागणं ‘बी’ गटाच्या नावावर होतं त्यापेक्षा जास्त जमा झालं, आणि तो गट त्यांना कमी आवडला.

असं का व्हावं? दोघांनी दिलेलं कारण साधं आहे. कमी दिसणारी गोष्ट मनात ठसते. ‘बी’ गटाची माणसं कमी वेळा आली म्हणून ठसली, वाईट वागणं कमी वेळा आलं म्हणून ठसलं, आणि दोन्ही एकत्र आली तिथे तर ठसा दुप्पट खोल गेला. पुढे इतरांनी याची वेगळी कारणंही मांडली. पण मला हादरवतं ते हे, की इथे कुणी खोटं सांगितलेलं नव्हतं. ३९ची ३९ वाक्यं जशी होती तशी समोर ठेवली होती. खरी माहिती पूर्ण मिळूनही चुकीचं चित्र तयार झालं. वस्तीत नव्याने आलेलं एकमेव कुटुंब, वर्गातला परक्या भाषेचा एकुलता मुलगा, खात्यातली पहिली बाई यांच्या एका चुकीचं वजन दहा जणांच्या चुकांएवढं का होतं, ते मला या आकड्यांनी जेवढं समजावलं तेवढं कुणाच्या भाषणाने समजावलं नव्हतं.

आता यंत्राकडे. यंत्राला नर्स म्हणजे काय ते माहीत नसतं. त्याने वाचलेल्या प्रचंड मजकुरात कोणत्या शब्दाच्या आसपास कोणते शब्द किती वेळा आले, एवढंच त्याच्याकडे असतं. त्यामुळे पुष्कळ लोक म्हणतात की यंत्र हा आरसा आहे, समाज जसा तसं त्यात दिसणार. मीही बराच काळ असंच म्हणत होते. आता म्हणत नाही.

२०१७ साली जिएयू झाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक तपासणी केली. छायाचित्रं बघून त्यात काय चाललंय आणि ते कोण करतंय हे ओळखणारं यंत्र होतं. त्याला शिकवायला दिलेल्या चित्रांत स्वयंपाक करणाऱ्यांपैकी सुमारे ६७ टक्के बायका होत्या आणि ३३ टक्के पुरुष. शिकून तयार झालेल्या यंत्राने नव्या चित्रांत स्वयंपाक करणाऱ्यांपैकी ८४ टक्के बायका असल्याचं सांगितलं. आरसा असता तर ६७ला ६७ दिसायला हवे होते.

यात यंत्राचा काही डाव नाही. त्याला कमीत कमी चुका करायला शिकवलेलं असतं. चित्र स्पष्ट असलं तर ते नीट ओळखतं. पण प्रकाश कमी आहे, चेहरा वळलेला आहे, माणूस पाठमोरा आहे, अशा वेळी ते जास्त संख्येच्या बाजूला झुकतं. पाठमोऱ्या शंभर जणांत ६७ बायका असतील, तर शंभराच्या शंभरांना बाई म्हणणं हा त्याच्या दृष्टीने सर्वांत कमी चुकांचा मार्ग ठरतो. उरलेले ३३ पुरुष त्या हिशेबात विरघळून जातात. शिकताना जे ‘बहुतेक’ होतं ते सांगताना ‘सगळे’ होतं.

माझ्या चौथ्या पानावर हेच घडलं होतं. समजा यंत्राने वाचलेल्या मजकुरात दहातले सात सर्जन पुरुष होते. मग त्याने अनुवादात दहातले सात ‘आले’ आणि तीन ‘आल्या’ लिहायला हवं होतं का? तसं ते लिहीत नाही. दर वेळी जिंकणाऱ्या बाजूवर पैज लावतं आणि दहाच्या दहा वेळा ‘आले’ लिहितं. ते वाक्य मी तपासून पुढे सोडलं की छापलं जातं, आणि उद्याचं यंत्र ते वाचून शिकतं. तेव्हा त्याच्यासमोर दहात सात नसतील, आणखी जास्त असतील.

कुणी म्हणेल की समजात तथ्य असतं, बहुतेक नर्स बायकाच आहेत. आहेत, आणि त्या आकड्याशी माझं भांडण नाही. आकडा सगळ्या नर्सेसबद्दल असतो आणि दारातून आत आलेली नर्स एक असते. तिच्याकडे मान वर करून बघायचे कष्ट वाचावेत म्हणून आपण आकडा पुढे करतो. हे मी स्वतः केलंय. एका निकालपत्राचा सारांश करताना न्यायाधीशांच्या नावाची फक्त आद्याक्षरं होती आणि मी बिनदिक्कत ‘न्यायाधीश म्हणाले’ लिहून टाकलं. त्या बाई होत्या. तेव्हा यंत्र मध्ये नव्हतं, मीच होते.

आणि आकडे तरी एका जागी कुठे राहतात? १९४६ साली अमेरिकेत ‘एनियॅक’ हा अवाढव्य इलेक्ट्रॉनिक संगणक जगासमोर आला. त्याच्याकडून गणितं करून घेण्याची जुळणी, म्हणजे आज ज्याला प्रोग्रॅमिंग म्हणतात ते, सहा बायकांनी केलं होतं. कॅथलीन मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बायलस आणि रूथ लिक्टरमन. यंत्र बांधणं हे पुरुषांचं मोठं काम आणि त्यावर गणितं चालवणं हे बायकांचं बारीक काम, असा तेव्हाचा समज. त्यांच्या वाट्याला श्रेय यायला कित्येक दशकं लागली. पुढे त्या बारीक कामाला मान आला, पैसा आला, आणि प्रोग्रॅमर म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारं माणूस बदललं. ७० वर्षांनी, २०१६ साली, बातम्यांच्या मजकुरावर शिकलेल्या एका यंत्राला संशोधकांनी विचारलं की पुरुषाला जसं संगणक प्रोग्रॅमर, तसं बाईला काय? उत्तर आलं, गृहिणी. त्या सहाजणींनी केलेल्या कामाचा या उत्तराशी मेळ बसत नाही.

लहान मुलांत हे चित्र कधी पक्कं होतं, याचा एक जुना अभ्यास आहे. १९८३ साली डेव्हिड चेंबर्स यांनी ४८०७ मुलांनी काढलेल्या शास्त्रज्ञांच्या चित्रांविषयी लिहिलं. त्यांत बाई शास्त्रज्ञ होत्या २८, आणि सगळ्या मुलींनी काढलेल्या. पुढे हे प्रमाण बरंच वाढलं, ही चांगली गोष्ट. पण मी त्या २८ मुलींचाच विचार करते. त्यांनी कुणाला पाहिलं होतं?

साच्याबाहेर असण्याचे कष्ट रोजचे असतात आणि बाकीच्यांना ते दिसत नाहीत. मी पूर्वी जिथे काम करायचे तिथे हजेरी लावायला चेहरा ओळखणारं यंत्र बसवलं होतं. आम्ही बाकीच्या समोर उभ्या राहायचो, टिक वाजायचं, आत जायचो. एका सहकारिणीचा रंग गडद होता. तिच्यासाठी ते वाजायचंच नाही. ती दोन पावलं मागे जायची, हनुवटी वर करायची, चष्मा काढायची, शेवटी पिशवीतून मोबाइल काढून त्याचा टॉर्च स्वतःच्या चेहऱ्यावर खालून धरायची. मग वाजायचं. मागे रांग असायची. कुणी तिला वाईट बोललं नाही, सगळे थांबायचे. पण दर सकाळी रांगेत वळून ‘सॉरी हं’ म्हणायची ती. यंत्राला दिसत नव्हतं आणि माफी ती मागत होती. काही महिन्यांनी ती पाऊण तास लवकर येऊ लागली. मी कारण विचारलं तर म्हणाली, रांग नसते.

या गोष्टीचं मूळही जुनं आहे. रंगीत फिल्मच्या काळात प्रयोगशाळांत छपाईचे रंग जुळवण्यासाठी कोडॅककडून एक नमुना छायाचित्र येई, गोऱ्या तरुणीचं. त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिची त्वचा छान आली की रंग बरोबर, असं मानत. त्या वेळच्या बहुतेक गिऱ्हाइकांची त्वचा तशी असेल, हे एकदा धरून चाललं की पुढे तीच ‘त्वचा’ होते आणि उरलेल्यांचे चेहरे काळपट डाग होऊन छापले जातात. कोडॅकमध्ये काम केलेल्यांनी पुढे सांगितलं, की तपकिरी छटा सुधारायला जोर मिळाला तो चॉकलेट आणि लाकडी सामानाच्या उत्पादकांच्या तक्रारींमुळे. माणसांनी आपल्या चेहऱ्यांची तक्रार केली नसेल का? केली असेल, किंवा माझ्या सहकारिणीसारखा आपलाच चेहरा उजेडात वळवून घेतला असेल.

जॉय बुओलाम्विनी या संशोधिकेला तर कॅमेऱ्याने आपला चेहरा टिपावा म्हणून पांढरा मुखवटा चढवावा लागला होता. २०१८ साली त्यांनी टिमनिट गेब्रू यांच्याबरोबर तीन कंपन्यांची यंत्रं तपासली. चेहऱ्यावरून बाई की पुरुष ते ओळखणारी. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुका फार तर ०.८ टक्के, गडद रंगाच्या बायकांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. कंपन्या मात्र एकूण अचूकता सांगत आणि ती ऐकायला उत्तम होती. ‘बहुतेक वेळा बरोबर’ हे शब्द तेव्हापासून मला घाबरवतात. चुका सगळ्यांच्या वाट्याला सारख्या येत असत्या तर गोष्ट वेगळी होती. त्या पुन्हा पुन्हा त्याच माणसांच्या दारात जाऊन बसतात.

फाइलबद्दल सांगायचं राहिलं. मी त्या बाईंना तीन प्रश्न पाठवले. सर्जन कोण होतं, नर्स कोण होतं, मदतनीस कोण होतं. प्रश्न लिहिताना लक्षात आलं की मी ‘होतं’ लिहितेय. ओळख नसलेल्या माणसासाठी आपल्या भाषेत ही जागा आहे. दारावर थाप पडली की आपण ‘कोण आलं?’ असंच विचारतो. दार उघडलं की ती जागा संपते. मग आला, आली, आले, आल्या यांतलं एक निवडावंच लागतं. मला ती जागा दार उघडल्यावरही थोडा वेळ हवी होती.

दोन दिवसांनी उत्तर आलं. सर्जन बाई होत्या. नर्सही बाई होत्या, म्हणजे तिथे यंत्राचा अंदाज बरोबर निघाला. मी दोन्हीकडे ‘आल्या’ केलं. पहिल्या ठिकाणी ‘ले’चा ‘ल्या’ झाला आणि दुसऱ्या ठिकाणी ‘ली’चा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोठं होतं. त्यांनी लिहिलं होतं की मदतनीस पुरुष होता की बाई ते खरंच आठवत नाही. टोपी होती, मास्क होता, आवाज ऐकल्याचं आठवत नाही. हात थंड होता आणि भूल चढेपर्यंत त्याने माझा हात सोडला नाही, एवढंच आठवतं. ‘त्याने’ म्हणजे हाताने, असं त्यांनी कंसात मुद्दाम कळवलं होतं.

मूळ लेखात तो हात पुढच्याच ओळीत होता. मी दोन वाक्यं जोडून एक केलं. ‘येऊन’ला लिंग नसतं, आणि ‘मदतनिसांनी’ म्हटलं की मानही राहतो. मसुद्यातलं ‘मदतनीस आला’ पुसलं आणि लिहिलं, ‘मदतनिसांनी येऊन माझा हात हातात घेतला.’